अल्मा ड्रेक्सलरची अकरा घरं

एल्डर कोर्ट नावाच्या गल्लीत कुठली नवी गोष्ट आली हे बघायला दुकानात जावं लागत नसे. अल्मा ड्रेक्सलरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकावलं की पुरे. गोठवलेल्या संत्र्याच्या रसाचे डबे आधी तिच्याकडे आले, मग पंधरा दिवसांत सगळ्यांकडे. तिने भिंतींना फिका पिवळा रंग दिला आणि त्या उन्हाळ्यात गावातल्या दुकानातला पिवळा संपला. शेजारची विल्मा गाट्झ तोंडाची फटकळ. ती म्हणायची, "माझ्या नवऱ्याला वाटतं, घरात काय यायचं ते तो ठरवतो. बिचारा! ते तर कुंपणापलीकडे ठरतं."

त्या आडगल्लीत बारा घरं होती, बाराही एकाच साच्यातली. दुसरं महायुद्ध संपून तीन वर्षं झाल्यावर सोयाबीनचं एक शेत सपाट करून कोणीतरी ती झपाट्याने उभी केली होती. पुरुष सैन्यातून परतलेले, आता गावाबाहेरच्या फ्रिजच्या कारखान्यात. बायका पंचविशी-तिशीतल्या, आया-सासवांना दूर कुठे कुठे सोडून आलेल्या. मूल रडायचं थांबलं नाही तर विचारायचं कोणाला? अल्माला. ती दोन वर्षं कॉलेजात जाऊन आली होती आणि मासिकं नुसती चाळत नसे, वाचत असे. वर्तमानपत्रांत देश घडवणाऱ्या मोठ्या माणसांची छायाचित्रं यायची; कोणी मोटारी बनवणारे, कोणी मुलं कशी वाढवावीत ते सांगणारे डॉक्टर, कोणी सेनापती. एल्डर कोर्टपुरतं बोलायचं तर त्या सगळ्यांचं म्हणणं अल्माच्या दारातूनच पुढे जात असे. ती बोलायची थोडं. करून दाखवायची. बाकीच्या अकरा घरांत ते आपोआप व्हायचं.

तिच्या नवऱ्याला, ऑर्वला, याची गंमत वाटायची. "आज काय हुकूम निघाला?" असं तो बूट काढता काढता विचारायचा.

उन्हाळ्यातला हुकूम दरवर्षी एकच. जून लागला की पोलिओची भीती गावात शिरायची. पोहण्याचा तलाव बंद व्हायचा, सिनेमाच्या थिएटरात मुलांना मज्जाव व्हायचा. रोज संध्याकाळी जेवणाआधी अल्मा मुलीला समोर उभी करायची. "कॉनी, हनुवटी छातीला लाव." पोलिओत मान ताठ होते, हनुवटी खाली येत नाही, असं तिने वाचलं होतं. कॉनी हनुवटी छातीला टेकवायची, मग मुद्दाम जीभ बाहेर काढायची. सहा वाजले की बाराही स्वयंपाकघरांतून हेच वाक्य ऐकू यायचं.

कॉनी एकुलती एक. पुढचं मूल राहिलंच नाही. दुसरीत गेली तेव्हा ती चौथीची पुस्तकं वाचत होती. १९५४च्या जानेवारीत अल्मा शाळेत गेली.

"मुलगी हुशार आहे, मी कुठे नाही म्हणते," मिस प्रुइट म्हणाल्या. दुसरीचा वर्ग त्यांचा. "पण घाई कशाला? अजून दात पडतायत तिचे."

"ती कंटाळते तुमच्या वर्गात."

"तिने सांगितलं तुम्हाला?"

अल्मा कोटाची बटणं लावू लागली. फेब्रुवारीपासून कॉनी तिसरीत बसू लागली. अल्माने त्या शनिवारी मोठा केक केला आणि अकराही घरी वाटला. कशाबद्दल, ते तिने सांगितलं नाही. कॉनीनेच सांगावं अशी व्यवस्था केली.

मार्चमध्ये कागद आले. पिट्सबर्गच्या एका डॉक्टरांनी पोलिओची लस काढली होती आणि ती खरंच चालते का हे बघायला देशभरातली लाखो मुलं निवडायची होती. या जिल्ह्यात नियम असा ठरला की सुई फक्त दुसरीच्या मुलांना. पहिली आणि तिसरीच्या मुलांवर नुसतं लक्ष ठेवायचं, म्हणजे कोण आजारी पडतं आणि कोण नाही ते पडताळता येईल. आयांच्या समितीची प्रमुख अर्थात अल्मा. तिने तो कागद टेबलाशी बसून वाचला, पुन्हा वाचला, मग कोट चढवून हेडमास्तरांकडे गेली.

मिस्टर हॅस्केट सरळ माणूस. "यात काय अवघड आहे? यादी शुक्रवारी जाते. उद्यापासून कॉनीला परत दुसरीत बसवतो. जूनपर्यंतच. मुलं दोन दिवसांत विसरतात."

"नको," अल्मा म्हणाली. "तिला कसं वाटेल?"

"कॉनीला?"

"हो. कॉनीला."

त्यांनी चष्मा पुसला. "बघा बुवा. लस चालते की नाही हे अजून कोणालाच ठाऊक नाही म्हणा."

हे शेवटचं वाक्य तिने घरी येताना सोबत आणलं. ऑर्वलाही तेच ऐकवलं. शुक्रवार आला आणि गेला.

बाकीचं सगळं तिने चोख केलं. दारोदार फिरून सह्या घेतल्या. गाट्झांचा डेनी, कोपऱ्यावरच्या घरातले जुळे, कोणालाही सोडलं नाही. सुया तीन होत्या; शाळेच्या हॉलमध्ये टेबल मांडून ती तिन्ही वेळा बसली. तिसऱ्या सुईनंतर मुलांना धातूचा एक छोटा बिल्ला मिळाला, छातीवर लावायचा. त्या संध्याकाळी कॉनी रडली. दुसरीतल्या सगळ्या मैत्रिणींकडे बिल्ला, तिच्याकडेच नाही. अल्माच्या खोक्यात चार उरले होते. तिने त्यातला एक काढला आणि कॉनीच्या स्वेटरला लावला.

"पण मला सुई कुठे दिली?"

"काही बिघडत नाही."

"कोणी विचारलं तर?"

"कोणी विचारणार नाही."

कॉनीने तो बिल्ला उन्हाळाभर मिरवला. गल्लीने तो पाहिला; कॉनी तिसरीत असली तरी अल्माने तिचीही सोय केली असेल, असं सगळ्यांनी धरलं. कोणी विचारलं नाही.

ऑगस्टच्या एका शनिवारी कॉनी जेवायला आली नाही, म्हणाली डोकं दुखतंय. अल्माने तिला उभी केली. "हनुवटी लाव." कॉनीने प्रयत्न केला. हनुवटी अर्ध्यात थांबली. कॉनीला वाटलं आपण नीट करत नाही आहोत. तिने पुन्हा केलं.

त्यानंतरचं अल्माला आठवतं ते तुकड्या-तुकड्यांनी, आणि आवाज न होता. ऑर्व गाडी चालवतोय. साठ मैलांवरचं शहर, हॉस्पिटल. एक नर्स कॉनीचे कपडे कागदी पिशवीत घालते आणि म्हणते, हे जाळावे लागतील. बिल्ला स्वेटरवरच होता. नर्सने तो काढून, स्पिरिटने पुसून अल्माच्या हातात दिला. भेट फक्त रविवारी, काचेतून. पलीकडे कॉनीच्या पायांना गरम लोकरीच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. ती काहीतरी ओरडून सांगायची, अल्माला फक्त तोंड हलताना दिसायचं. अल्मा मान डोलवायची.

तिला रडू आलं नाही. ऑर्व गॅरेजमध्ये गाडीखाली झोपून रडायचा. ती भिंतीपलीकडून ऐकायची आणि बटाटे सोलायची.

गल्लीने रीत पाळली. घरात दुखणं आलं की शेजारणी भांडं भरून काहीतरी भाजून आणून देतात, भांड्याच्या तळाला नावाची चिकटपट्टी लावलेली, म्हणजे ते परत येतं. अकराही घरांतून भांडी आली. पण दार कोणी वाजवलं नाही. पायरीवर ठेवून बायका मागे वळायच्या आणि घरी जाऊन फोन करायच्या.

"मॅकरोनी आहे गं, गरम आहे तोवर खा," विल्मा म्हणाली. "आणि ऐक, भांडं राहू दे तुझ्याकडेच. परत नको करूस."

"बरं."

"तसं नाही गं अल्मा…"

"बरं म्हटलं ना."

फोन ठेवायच्या आधी विल्मा हलक्या आवाजात म्हणाली, "तीन-तीन सुया घेऊनही! देवाशपथ, माझा विश्वास बसत नाही."

अल्माच्या तोंडात शब्द होते. ते तिथेच राहिले. तिने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणी तेच म्हटलं, तेव्हाही ती गप्प राहिली. मग आठवडा झाला, मग महिना, मग बोलायची वेळच निघून गेली असं तिला वाटू लागलं. भांडी धुऊन तिने वरच्या फळीवर एकात एक रचली. सगळ्यांत वर विल्माचं, निळ्या काठाचं.

फेब्रुवारीत कॉनी घरी आली, उजव्या पायाला कॅलिपर लावून. चामड्याचे पट्टे, दोन सळ्या, गुडघ्याशी खिट्टी. चालताना टक, घसर, टक. समोरच्या घरातल्या मॉरिसकाकूंनी पडद्याआडून पाहिलं, पण बाहेर आल्या नाहीत. अल्मा रोज सकाळी पट्टे आवळायची, रात्री सोडायची, कातडी कुठे लाल झालीय का बघायची. हात आपोआप चालायचे. कॉनी काही विचारू लागली की उत्तरही आपोआप जायचं. एकदा ऑर्व म्हणाला, "अल्मा, तू आहेस कुठे?" ती म्हणाली, "इथेच की." खोटं नव्हतं ते.

बारा एप्रिलला सकाळी चर्चच्या घंटा वाजू लागल्या. मंगळवार होता. कारखान्याचा भोंगाही वाजला, वेळ नसताना. अल्मा दोरीवर चादरी घालत होती. विल्मा कुंपणाकडे धावत आली, एका पायात चप्पल, एक पाय मोज्यातच.

"अल्मा! रेडिओ लाव! चालते म्हणे लस! खरंच चालते!" आणि मग तिचा चेहरा उतरला. "म्हणजे… बहुतेकांना. तुझ्या घरी तसं झालं ते… अगं, मला म्हणायचं होतं…"

"कळलं मला," अल्मा म्हणाली आणि चादरीला दुसरा चिमटा लावला.

आठवड्याभरात पहिली-दुसरीच्या मुलांसाठी नवे कागद आले. अल्माला यंदा कोणी समितीत बोलावलं नव्हतं. वाईट वाटेल म्हणून. पण शाळेची नर्स, मिसेस ओक्स, हिने सोमवारी फोन केला.

"मी तुम्हाला त्रास देणार नव्हते. पण माझ्यापुढे यादी आहे. गावातल्या प्रत्येक रस्त्याचे कागद सही होऊन आले. एल्डर कोर्टवर त्या वर्गांतली सात मुलं आहेत, आणि एकही कागद नाही."

अल्माने चालू शेगडी बंद केली.

"मी दोघींना विचारलं. त्या म्हणतात, अल्माच्या मुलीने तीन सुया घेतल्या होत्या. तिचं काय झालं ते आम्ही रोज बघतो." मागे कागद चाळल्याचा आवाज आला. "मिसेस ड्रेक्सलर, माझ्याकडे गेल्या वर्षीची यादीपण आहे. मी ती कोणाला वाचून दाखवणार नाही. ते माझं काम नाही. शुक्रवारपर्यंत कागद घेतो आम्ही."

शुक्रवार. अल्माला तो शब्द ओळखीचा वाटला.

जेवताना कॉनी मटार एका रांगेत लावत होती. ऑर्वची पाळी संध्याकाळची, घरी दोघीच. अल्माने विचारलं, "तो बिल्ला हवाय का तुला? माझ्या खणात आहे."

"नको." मग, "आई, हॉस्पिटलमध्ये शेजारच्या पलंगावरच्या मुलीने मला विचारलं होतं, सुई दुखते का म्हणून."

"मग?"

"मी सांगितलं, थोडीशी." कॉनीने एक मटार पुढे ढकलला. "तू म्हणाली होतीस, कोणी विचारणार नाही."

अल्माने ताटल्या उचलल्या. नळ सोडला. पाणी हाताला चटका बसेल इतकं गरम झालं, तरी तिने हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फळीवरची अकरा भांडी उतरवली, कॉनीच्या लाल खेळण्यातल्या गाडीत रचली, मध्ये टॉवेल घातले आणि दांडा धरून निघाली. गल्लीच्या कडेने चाकं खडखडत गेली. पडदे हलले.

विल्माने दार उघडलं आणि भांड्याकडे पाहिलं. तिचे हात पुढे आले नाहीत. "अगं, मी सांगितलं होतं ना…"

"उकळलंय. दोनदा. विल्मा, कॉनीला सुई दिलीच नव्हती."

"काय?"

"ती तिसरीत होती. सुई दुसरीला होती. हॅस्केट तिला परत दुसरीत बसवायला तयार होते. मी नको म्हटलं. केक वाटून झाला होता ना. बिल्ला माझ्या खोक्यातला."

विल्माने कॉनीच्या लाल गाडीकडे पाहिलं, मग अल्माकडे. ती म्हणाली, "आणि डेनीला गेल्या वर्षी तू स्वतः रांगेत उभं केलंस."

"हो."

"माझ्या डेनीला," ती पुन्हा म्हणाली, आणि रागावली आहे की काय ते तिचं तिलाच कळेना. मग तिने निळ्या काठाचं भांडं घेतलं. कुशीत घेतलं, भरलेलं असल्यासारखं.

पुढच्या दारी अल्माने तेच सांगितलं, त्याच शब्दांत. त्याच्या पुढच्याही. गेल्या वर्षी ती अशीच फिरली होती, हसत, कागद घेऊन. या वेळी एकीने दार लगेच लावून घेतलं. मॉरिसकाकू रडल्या आणि तिला आत बोलवू लागल्या. अल्मा गेली नाही, अजून सात भांडी होती. जुळ्यांची आई म्हणाली, "अशी कशी गं तू?" आणि अल्मा म्हणाली, "माहीत नाही." एका घरात कोणी नव्हतं. तिथे ती पायरीवर बसून राहिली, बाई बाजारातून येईपर्यंत.

शेवटचं घर जेनेट रस्कचं. जेनेट पंचवीस वर्षांची, गल्लीतली सगळ्यांत लहान. तिची पेगी पहिलीत. जेनेट काहीही करायच्या आधी अल्माला विचारायची, अगदी दूध किती वेळ उकळायचं इथपासून. ती दारातच उभी राहून सगळं ऐकून घेत होती, आणि ऐकता ऐकता तिची मान लाल होत गेली.

"आठ महिने," ती म्हणाली. "आठ महिने तू आम्हाला तसंच समजू दिलंस?"

"हो."

"मी कागद फाडून टाकला, माहितीय? पेगीचा. तुकडे केले आणि कचऱ्यात टाकला. तुझी कॉनी रोज इथून चालत जाते ना, ते बघून."

"नर्सकडे दुसरा मिळेल."

"आणि मी सही करू. तू सांगतेस म्हणून."

"मी सांगत नाही, जेनेट," अल्मा म्हणाली. "यंदा मी कोणाला काही सांगत नाही. झालं ते फक्त कळवतेय."

जेनेट तिच्याकडे बघत राहिली. असं कोणी अल्माकडे बघितलं नव्हतं. वर मान करून बघायची सवय होती सगळ्यांना. आत पेगी रेडिओबरोबर चुकीचं गाणं म्हणत होती.

"मला तुझा भरवसा नाही," जेनेट म्हणाली.

"बरोबर आहे."

"मी सही केली तर रोज सहाला तुला फोन करीन. पेगीची हनुवटी बघून. काही झालं तर सगळ्यांत आधी तू ऐकायचंस. फोन उचलायचा. जेवत असलीस तरी."

"उचलीन."

जेनेटने भांडं घेतलं, तळाची चिकटपट्टी ओढून काढली, गोळा करून खिशात टाकली आणि दार लावलं.

शुक्रवारी सातापैकी सहा कागद गेले. पेगीला त्याच्या पुढच्या मंगळवारी सुई दिली. अल्मा शाळेत गेली नाही. तिला कोणी बोलावलं नाही, आणि तिला जावंसं वाटलं की नाही हेही तिला ठरवता आलं नाही. सहा वाजता फोन वाजला. "हनुवटी लागते," जेनेट म्हणाली आणि ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. नमस्कार-चमत्कार काही नाही. दोन शब्द, आणि खट्. ऑर्व म्हणाला, "किती दिवस चालणार हे?" अल्मा म्हणाली, "ती म्हणेल तितके."

मग, त्या मुलांना सुया देऊन दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा रेडिओवर आलं की पश्चिमेकडच्या काही राज्यांत लस घेतलेलीच मुलं आजारी पडली आहेत, काही कुप्या सदोष निघाल्या, आणि तपास होईपर्यंत देशभर टोचणं थांबवलं आहे. अल्मा इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी केली. पाच वाजले होते.

सहा वाजता फोन वाजला नाही.

सहा घरं. सहा मुलं. तिने नावं मनात घेतली, रांगेने, घरांच्या क्रमाने. सहा वाजून तीन मिनिटं. भिंतीवरच्या फोनसमोर ती उभी होती, हात दोन्ही बाजूंना. घाम नाही, धडधड नाही. काचेपलीकडे कोणी ओरडतंय आणि फक्त तोंड हलतंय, तसं. चारपाच घरांची मिळून एक लाइन होती. आज सगळ्याच बायका एकमेकींना फोन करत असणार, हे तिला समजत होतं. समजून उपयोग नव्हता. सहा वाजून सात. टक, घसर, टक करत कॉनी आली, स्टुलावर बसली आणि खिट्टी सोडून पाय वाकवला.

"आज उशीर झाला तिला," कॉनी म्हणाली.

"हं."

सहा वाजून बारा मिनिटांनी घंटा वाजली. अल्माने फोन उचलून कानाला लावला.

"लाइनच मिळेना. ही विल्मा सोडते कधी फोन?" जेनेटला धाप लागली होती. "लागते. मी तीनदा बघितली. लागते."

अल्मा भिंतीला टेकली.

जेनेटने फोन ठेवला नाही. तिकडे भांड्यांचा आवाज येत होता, पेगी कशावरून तरी कुरकुरत होती. मग जेनेटने विचारलं, "आणि तुझ्या कॉनीची?"

गेल्या ऑगस्टपासून अल्माने ते वाक्य उच्चारलं नव्हतं. तिने वळून पाहिलं.

"कॉनी," ती म्हणाली, "हनुवटी छातीला लाव."

कॉनीने लावली. मग, बऱ्याच दिवसांनी, जीभ बाहेर काढली.

"लागते," अल्माने फोनमध्ये सांगितलं.